कटला मादीचा जाहीर सत्कार

आपल्याकडे काम पुरं होण्याआधीच त्याचा सत्कार उरकतात, आणि ते योग्यच आहे. पुरं झाल्यावर ते सत्काराच्या लायकीचं राहील, याची हमी कुणी द्यावी?

कडेगावजवळच्या संयोगिताला हे शहाणपण उशिरा आलं. सासऱ्यांकडून, म्हणजे आप्पासोंकडून, तिनं उसाच्या रानाचा एक तुकडा मागून घेतला, तळी खोदली, हौद बांधला आणि मत्स्यबीज केंद्र काढलं. आप्पासोंची अट एकच: या हंगामात माशांची पिल्लं निघाली तर तळी राहतील, नाहीतर पुन्हा ऊस.

केंद्र निघताच अभ्यास दौरे सुरू झाले. अभ्यासाची पद्धत ठरलेली. पाहुण्यांनी हौदाला वळसा घालायचा, "इथं पापलेट निघतं का?" असं विचारायचं आणि अंड्यावर आलेली कटला मादी बाहेर काढून, तिला शाल पांघरून तिच्यासोबत फोटो घ्यायचा. (शाल कोरडी हवी, हा आप्पासोंचा आग्रह. ओल्या शालीनं पाहुण्यांचा अवमान होतो.) चारपैकी तीन माद्या अशा सन्मानानं गेल्या. सत्कारमूर्ती दगावण्याचं प्रमाण शंभर टक्के असूनही एकीचीही तक्रार आली नाही, याची नोंद घ्यायला हवी.

चौथीला संयोगितानं संध्याकाळी अंडी सुटण्याचं इंजेक्शन दिलं आणि स्वतः हौदाच्या कडेला राखणीला बसली. तेवढ्यात इस्लामपूरहून गाडी आली.

"आवं मामा, आज नगं. अंडी टाकायला आलीया ती. हात लावला की संपलं सगळं."

"आगं, पावणं लांबनं आल्यात. तसंच माघारी धाडू व्हय? एकच फोटू," आप्पासो म्हणाले.

पहिल्या फोटोत एका पाहुण्याचे डोळे मिटले, म्हणून दुसरा काढला. दुसऱ्यात दुसऱ्याचा फेटा कापला गेला, म्हणून तिसरा. तिसऱ्याला मादीनं पोट मोकळं केलं आणि हंगामाची सगळी अंडी शालीत पडली. पाहुण्यांना वाटलं, शालीला मोत्यांचं काम आहे. संयोगिताला रडू फुटलं. फोटोत ते आनंदाश्रू म्हणून फार छान आलंय.

तळी बुजवली. ऊस जोमात आहे.

फोटो मात्र गाजला. त्याखाली शेकडो लोकांनी "अभिनंदन ताई" लिहून फुलं टाकली. त्यांत आपणही होतात. तिच्याकडून आपले आभार मानायचे राहिले, त्याबद्दल राग नसावा. त्या वेळी ती शाल धूत होती.