सिस्टरचा बुढा

"बुढ्याले लई गर्मी होऊन राहिली होती, म्हणून ठेवला फ्रीजमध्ये," असं कुंदा सिस्टर शांतपणे म्हणाल्या, तेव्हा आमच्या आरोग्य केंद्रात नुकताच लागलेला शिपाई हातातली बादली खाली ठेवून भिंतीला टेकला. सिस्टरच्या घरातलं कोणी म्हातारं माणूस गेलं, असंच त्याला वाटलं.

मला तसं वाटायचं कारण नव्हतं. लसींच्या फ्रीजचं झाकण मीच उघडलं होतं आणि आत पोलिओच्या लसीशेजारी, रुमालात गुंडाळलेला, विटेएवढा काळा कॅमेरा पाहिला होता. मी त्या केंद्रात औषधं द्यायचो. लसींचा फ्रीज माझ्या ताब्यात. तो गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडचा मे महिना होता, बाहेर कावळेसुद्धा चोच वासून बसलेले. पण म्हणून सरकारी फ्रीजमध्ये कॅमेरा?

डॉक्टरसाहेब धावत आले. तरुण माणूस, पुण्याकडचा, आमच्याकडचा पहिलाच उन्हाळा सोसत होता. "सिस्टर, हे काय आहे?"

"लसीले गर्मी सोसत नाही, याले काऊन सोसन?"

कॅमेरा बाहेर काढला, तर त्याला दरदरून घाम फुटला. काचेच्या आतून, बाहेरून, सगळीकडून पाणी. सिस्टरनी त्याला पदराखाली घेतलं, पंख्याखाली बसवलं आणि दिवसभर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगितलं, "हात नोको लावू, बुढा थंडी खाऊन आला." त्यानंतर बुढा फ्रीजमध्ये गेला नाही. मातीच्या माठाशेजारी बसू लागला.

कुंदा गजभिये आमच्या केंद्रातल्या सगळ्यात जुन्या नर्स. आवाज असा, की कळा देणारी बाई त्यांच्यापुढे ओरडायला लाजायची. मागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. कोणी नवऱ्याचा विषय काढला, की म्हणायच्या, "होता. आता दुसरीकडे राहून राहिला." पुढे विचारायची कोणाची छाती नव्हती.

कॅमेरा त्यांनी गोंदियातल्या एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरकडून घेतला होता. त्याला नवा मिळाला, म्हणून त्यानं जुना विकायला काढला. एके काळी म्हणे मोठमोठ्या सभांमध्ये, क्रिकेटच्या मैदानांवर असले कॅमेरे चालायचे. सिस्टरनी घेतला तेव्हा तो वयानं पाच-सहा वर्षांचाच असेल, पण ह्या डिजिटल जातीत पाच-सहा वर्षं म्हणजे पेन्शनीचं वय. म्हणून तो बुढा. त्याच्या पाठीवरचा पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यात काढलेला फोटो पाहायचा तर डोळे बारीक करून, हाताचा आडोसा करून पाहावा लागायचा. बटण दाबल्यावर भिंगाची घरघर बराच वेळ चाले. तोवर समोरची माणसं ताटकळत उभी.

"थांब माय, हलू नोको. बुढा चष्मा शोधून राहिला."

मग 'खटाक्!' तो आवाज इतका दणदणीत, की बाळं दचकून रडायची. त्यामुळे फोटोत बाळ झोपलेलं असेल, तर तो त्या दिवसाचा पहिला फोटो, हे सांगावं लागत नसे.

हो, बाळांचेच फोटो. केंद्रात जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा एक फोटो सिस्टर काढायच्या. कोणी सांगितलेलं नव्हतं. महिन्याच्या मीटिंगला तालुक्याला, अर्जुनीला गेल्या, की तिथल्या स्टुडिओतून आपल्या खर्चानं प्रिंट काढून आणायच्या आणि दीड महिन्याच्या लसीला बाई आली, की हातात द्यायच्या. न आलेल्या बाईला निरोप जायचा, "फोटो पाह्याले ये." बाई फोटोसाठी यायची आणि बाळाला सुई टोचून जायची. डॉक्टरसाहेब कॅमेऱ्याच्या लाडांवर कितीही वैतागले, तरी ह्या एका कारणानं गप्प बसत.

बुढ्याचे नेम कडक होते. त्याला संध्याकाळनंतर दिसत नसे. उजेड कमी झाला, की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे उमटत. "रातांधळा आहे तो," सिस्टर सांगायच्या. त्यामुळे बाळ रात्री आलं, तरी त्याचा फोटो सकाळीच. पूर्वेकडच्या व्हरांड्यात ऊन आलं, की बाळंतिणी लेकरं घेऊन ओळीनं बसायच्या आणि सिस्टर कंबरेत पदर खोचून, गुडघे टेकून फोटो काढायच्या. तेव्हा त्या कोणा मंत्र्याचा फोटो काढत असाव्यात, असं वाटायचं.

आता तिटेची गोष्ट सांगतो. बुढ्याच्या पोटात कुठंतरी धुळीचा कण जाऊन बसला होता. त्यामुळे प्रत्येक फोटोत वर डाव्या बाजूला एक काळसर ठिपका यायचा. कोणीही दुसरा असता, तर ओशाळला असता. सिस्टरनी त्याची तीट केली. कॅमेरा तिरपा, उलटा, कसाही धरून तो ठिपका बरोबर बाळाच्या गालावर नाहीतर कपाळावर आणायच्या. "बुढ्यानं सोता लावली तीट. आता कोणाची नजर लागते पाहू!" बायकांचा ह्यावर पक्का विश्वास बसला. काजळाची तीट पुसली जाते, ही जात नाही.

डॉक्टरसाहेबांना स्वतःला फोटोग्राफीचा नाद. त्यांनी एकदा ठिपका पाहिला आणि भल्या मनानं, सिस्टर रजेवर असताना, स्वतःजवळच्या खास ब्रशनं बुढ्याचं पोट साफ करून ठेवलं. त्यानंतर काढलेले फोटो ज्या लसीकरणाच्या दिवशी वाटले, त्या दिवशी व्हरांड्यात गलका.

"सिस्टर, माह्या पोट्टीची तीट कुठं गेली?"

"हिच्या भावाले तर होती! हिनं काय केलं जी?"

सिस्टर डॉक्टरसाहेबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "सर, तुमच्या पुण्यात म्हाताऱ्या माणसाले न विचारता आंघोळ घालतात का?"

पुढचे काही आठवडे त्या साहेबांशी कामापुरतंच बोलल्या. रोज दुपारी बुढ्याचं भिंग काढून त्याला क्वार्टरच्या दारात 'हवा खायला' बसवू लागल्या. समोर भाताच्या गिरणीचा कोंडा उडायचा. शेवटी एक दिवस माझ्या खिडकीशी धावत आल्या, प्रिंट नाचवत. "आला भाऊ! ठिपका आला!" त्या दिवशी सगळ्यांना चहा त्यांच्याकडून. साहेबांनाही.

हळूहळू मोबाईलमध्ये कॅमेरे आले. बाळाचा बाप दारातूनच फोटो काढायचा आणि घरी पोचायच्या आत तो सगळ्या नातेवाइकांना दाखवून झालेला असायचा. मी म्हटलं, "सिस्टर, आता बुढ्याला आराम द्या." त्या म्हणाल्या, "मोबाईल पडते, बिघडते, पोट्टे त्यातलं सगळं मिटवून टाकतात. कागद राहाते." आणि बुढा पदराखाली घेऊन निघून गेल्या.

अशाच एका साली श्रावणात सुनीता मडावी बाळंत झाली. जंगलाच्या कडेच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वाडीवरची पोरगी, पहिलंच बाळंतपण. मुलगा झाला आणि थोड्याच वेळात तिला झटके यायला लागले. साहेबांनी तातडीनं इंजेक्शन दिलं आणि तिला गाडीत घालून गोंदियाला धाडलं. सोबत नवरा गेला. बाळ ठीक होतं, म्हणून आजीजवळ, सुनीताच्या सासूजवळ राहिलं.

पहाटे बाळाचा श्वास बिघडला. साहेब त्याच्याजवळून हलले नाहीत. ऑक्सिजन लावला, दुसरी गाडी बोलावली, पण नाल्याला पूर आल्यामुळे ती पलीकडे अडकली. सकाळ झाली, पण ऊन नव्हतं. आभाळ अगदी छपरावर टेकलेलं.

तेवढ्यात सिस्टर कॅमेरा घेऊन आल्या.

साहेब रात्रभर जागे होते. त्यांचा आवाज चढला. "सिस्टर, ही फोटो काढायची वेळ आहे?"

"हेच वेळ आहे सर," त्या म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकले. सिस्टरनी मला तपासणीचा दिवा धरायला लावला. बाळाच्या चेहऱ्यावरची नळी क्षणभर बाजूला केली. भिंग घरघरत राहिलं. सिस्टर नेहमीसारखं 'बुढा चष्मा शोधून राहिला' म्हणाल्या नाहीत. खटाक् झालं. बाळ दचकलं नाही.

दुपारच्या आत ते गेलं. संध्याकाळी आजीनं आणि टोल्यावरच्या चार माणसांनी त्याला नेऊन पुरलं. सुनीता तेव्हा गोंदियाच्या दवाखान्यात बेशुद्ध होती.

पोळा झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी ती माझ्या खिडकीशी आली. रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या. पण जाईना. खिडकीचा गज धरून उभी.

"भाऊ, तुमी होते म्हणतात," ती म्हणाली. "माहा पोट्टा कसा होता जी?"

मी त्याला पाहिलं होतं, दिवा धरून पाहिलं होतं. "छान होता," मी म्हणालो. ती तशीच उभी राहिली. मी सिस्टरना हाक मारली.

सिस्टरनी फोटो क्वार्टरमधून आणला आणि व्हरांड्यातल्या बाकावर तिच्याशेजारी बसल्या. फोटोभर दाणेच दाणे, पण त्यात एक लहानगा चेहरा नीट दिसत होता. सुनीता रडेल, असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. कागदाला न टेकवता बोट वरून फिरवत म्हणाली, "कान बापाचे आहेत. हनुवटी आमची."

"घेऊन जा," सिस्टर म्हणाल्या.

"सासू नाई ठेवू देत. गेल्या लेकराचा फोटो घरात नोको म्हणते."

"मग माह्याकडं राहू दे. बाजाराले येशीन तेव्हा पाहत जा."

त्यानंतर सुनीता बाजाराला यायची ती आधी आमच्याकडे. सिस्टर चहा ठेवायच्या, फोटो आणायच्या. बाक माझ्या खिडकीखालीच होता, त्यामुळे इच्छा नसतानाही मला सगळं ऐकू यायचं. बहुतेक वेळा बोलणं धानाचं, सासूचं, भाजीच्या भावाचं. फोटो दोघींच्या मध्ये बाकावर.

एकदा सुनीतानं विचारलं, "तुमाले लेकरं नाईत का जी सिस्टर?"

मी हातातली गोळ्यांची पाकिटं मोजायची थांबवली.

"एक होता," सिस्टर म्हणाल्या. "मी बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तवा नेला होता. सासूले विचारलं, कसा होता? म्हणे, लेकरं असतात तसाच."

चहाच्या कपात सुनीतानं फुंकर घातलेली ऐकू आली. मग ती म्हणाली, "तुमाले काय वाटते? कसा असन?"

"आता काय सांगू?" सिस्टर खेकसल्या. पण उठल्या नाहीत.

"सांगा नं."

"केस लई असतील," सिस्टर हळूच म्हणाल्या. "आमच्या घरी सगळ्यायलेच लई केस. अन् रंग... माह्यासारखाच सावळा."

"अन् नाक?"

सिस्टरनी स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला.

"नाक बापाचं," त्या म्हणाल्या. "तेवढं एक चांगलं होतं मेल्याचं."