व्याहीबुवांची गरीची काठी

"रॉड म्हणजे शेवटी काय हो? काठी! कड्या बांधायच्या, दोरा गुंडाळायचा, वरून गोंद फासायचा. त्याला काय जपानला जायला पायजे? मी घरी बनवून देतो. गणपतीच्या आत!"

पेणच्या पुंडलिकरावांनी ही घोषणा रोह्यात, व्याह्यांच्या ओटीवर केली. त्या वेळी त्यांच्या उजव्या हातात व्याह्यांच्या मासे धरायच्या रॉडचा एक तुकडा होता आणि डाव्या हातात दुसरा. बाजल्यावर चादर होती, चादरीखाली रॉड होता आणि त्यावर पुंडलिकराव जेवून तृप्त मनाने बसले होते. कटकन आवाज झाला तेव्हा त्यांना आधी वाटलं, आपलीच कंबर गेली!

व्याही पोपटराव म्हणजे कुंडलिका नदीच्या काठचे पट्टीचे गरी, म्हणजे गळ, टाकणारे. जिताड्यासारखा मोठा मासा लागला तर रोह्यात बातमी व्हायची. तो जपानी रॉड त्यांनी मुंबईहून आणला होता आणि सुनेपेक्षा जास्त जपला होता, आणि ती सून म्हणजे पुंडलिकरावांचीच मालू! मुलीच्या बापाला मुलीच्या सासऱ्याने बोलायचं कसं? पोपटरावांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "जाऊ द्या, पुंडलिकराव. वस्तूच ती."

हे "जाऊ द्या" पुंडलिकरावांना फार लागलं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

"तोंडाला कुलूप घालाचा होता," त्यांची बायको गिरजाबाई परतीच्या एसटीत म्हणाल्या. "माफी मागून मोकलं झालो असतो. आता मालूच्या सासरी तुमचा शब्द लटकलाय."

"अगो, डोलवीच्या कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलाय मी! मटेरियल माझ्याशी बोलतं."

मटेरियल बोलत असेलही, पण ते मिळेना. रॉडची मुख्य कांडी कार्बनची लागते, आतून पोकळ, बुडाला अंगठ्याएवढी आणि टोकाला काडीएवढी. पेणच्या बाजारात पुंडलिकरावांना पापडाचं लाटणं मिळालं, पडद्याची दांडी मिळाली, एका दुकानदाराने तर टीव्हीची जुनी अँटेना पुढे केली. शेवटी ते कमरुद्दीनभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. कमरुद्दीनभाईंचा स्वभाव असा की गिऱ्हाइकाने मागितलं ते नसलं तर ते "नाय" म्हणत नसत, "येतंय" म्हणत.

"कांडी? येतंय. आपला पोरगा खलील सुट्टीवर येतोय दुबईहून. कांडी, दोर ओवायच्या कड्या, बुचाची मूठ, रीळ बसवायची खोबण, सगळा आणील. गोंद मात्र माझ्याकडचा न्या. दोन बाटल्यांचा, निम्मा-निम्मा मिसलायचा. हत्ती लटकवा, सुटायचा नाय!"

खलील आला, कांडी आली. पुंडलिकराव कामाला लागले. बुटाच्या खोक्याला दोन खाचा पाडून त्यावर कांडी आडवी ठेवली. शिलाईच्या मशीनमधलं गिरजाबाईंचं लाल रेशमी रीळ न विचारता घेतलं आणि एकेक कडी दोऱ्याने बांधली. वेढ्याला वेढा असा चिकटून की मधून मुंगी जाणार नाही. खोटं कशाला बोला, काम खरंच देखणं झालं होतं. पाहुणा येवो, पोस्टमन येवो, पुंडलिकराव त्याला आधी काठी दाखवायचे आणि मग पाणी विचारायचे.

उरला गोंद. हा गोंद दोऱ्यावर लावला की काठी पाच-सहा तास सावकाश फिरत ठेवावी लागते. थांबली की गोंद एका बाजूला ओघळलाच! हाताने सहा तास फिरवायची तर गिरजाबाईंना विचारावं लागलं असतं, आणि त्यांचा नेमका हरतालिकेचा उपास होता. उपाशी बाईला काठी फिरवायला सांगणं पुंडलिकरावांना धोक्याचं वाटलं.

पण हे पेण! इथे सावकाश फिरणारी मोटार शोधायला लांब जावं लागत नाही. शेजारच्या जगन मूर्तिकाराच्या कारखान्यात गणपतीच्या मागे चक्र फिरवायची मोटार होतीच. जगनने कपाळाला हात लावला.

"काका, सगले गणपती निघाले, मोटारी संपल्या. ही शेवटची. हिच्यावर चार वाजता रोह्याचं चक्र फिरायचं हाय. त्यांच्या मंडलानं पत्रिकेत छापलंय, फिरतं चक्र!"

"रोह्याचं कोणचं मंडल?"

"तुमच्या व्याह्यांचं! तेच अध्यक्ष हायत. स्वतः येणार टेंपो घेऊन."

दुसरा कुणी असता तर इथेच परत फिरला असता. पुंडलिकरावांना मात्र यात देवाचा हात दिसला. व्याही दारात येतील आणि आपण त्यांच्या हातात काठी ठेवू! "तीनला मोटार तुझ्या हातात," असा शब्द देऊन ते सकाळी आठलाच ती घेऊन घरी आले.

आता खरी पद्धत अशी की आधी मूठ चिकटवायची, ती एक दिवस वाळू द्यायची आणि मग दोऱ्यावर गोंद लावायचा. पुंडलिकरावांनी एका दिवसात दोन्ही उरकायचं ठरवलं. मोटारीचा लोखंडी दांडा त्यांनी कांडीच्या पोकळ बुडात घट्ट बसवला. बुडालाच मूठ चिकटवली आणि गोंद घालताना हात आखडला नाही. व्याह्यांची वस्तू, त्यात कंजुषी कशाला? मग दोऱ्यावर गोंदाचा हात दिला आणि बटण दाबलं. काठी अशी डौलात फिरायला लागली की पुंडलिकराव तिच्याकडे बघता बघता जेवले आणि बघता बघता झोपले.

तीन वाजता जगन दारात उभा होता. पुंडलिकरावांनी मोटार बंद केली आणि काठी ओढली. निघाली नाही. जगनने मोटार धरली, पुंडलिकरावांनी काठी, आणि दोघांनी रस्सीखेच केली. जगनची चप्पल तुटली, काठी हलली नाही. बुडातून आत उतरलेल्या गोंदाने मोटारीच्या दांड्याशी लग्न लावलं होतं!

कमरुद्दीनभाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, खिळ्याने टोचून पाहिलं, पान्याने ठोकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मी बोललो होतो की नाय? हत्ती लटकवा! माल एकदम चोख हाय."

"चोख हाय ते ठीक, भाई, पण सुटेल कसा?"

"सुटल कसा? सुटला तर माझा नाव बदला!"

"काठी कापू," जगन म्हणाला.

"मोटार फोडू," पुंडलिकराव म्हणाले.

"माझ्या मंडलाचं काय?"

"माझ्या मुलीच्या सासरचं काय?"

एवढ्यात रस्त्यावर ढोल वाजला. रोह्याचा टेंपो आला होता, अर्धा तास आधी! पुढच्या सीटवरून गुलालाने माखलेले पोपटराव उतरले आणि सरळ आत आले. पुंडलिकरावांनी काठीवर धोतर टाकलं. सात फुटांच्या काठीवर एका धोतराने काय होतंय?

"हा लांबोडका काय म्हनायचा?" पोपटरावांनी विचारलं. "आणि आमचा चक्र कुठाय?"

कमरुद्दीनभाई छताकडे बघायला लागले. जगन मात्र धंद्यात मुरलेला. त्याने एक दीर्घ श्वास घेतला.

"अध्यक्ष, चक्र आता गल्लोगल्ली झालं. तुमच्यासाठी खास वेगलं केलंय. फिरतं छत्र! ही त्याची दांडी हाय."

"आणि केलंय आमच्या पुंडलिककाकांनी," तो घाईने पुढे म्हणाला. पाप वाटून घ्यावं तसा.

पुढच्या वीस मिनिटांत कारखान्याच्या माळ्यावरून चंदेरी कागदाचं एक छत्र निघालं आणि काठीच्या टोकाला चढलं. मोटार उभी करून मूर्तीच्या सिंहासनामागे ठोकली. बटण दाबताच छत्र गणपतीच्या डोक्यावर मंद फिरायला लागलं. टोक लवचीक, त्यामुळे ते फिरता फिरता डोलायचंही. टेंपोतल्या मंडळींनी असा "मोरया" केला की जगनलाही क्षणभर वाटलं, आपण हेच ठरवलं होतं.

पुंडलिकरावांचा जीव मात्र काठीत अडकलेला. "छत्राला कारागीर सोबत पायजे," म्हणून ते टेंपोत मागे चढले आणि मूर्तीच्या पाठीशी मोटार धरून बसले. शेजारी पोपटराव. बाहेर ढोल, आत पुंडलिकरावांची छाती, दोन्ही एका तालात.

वाटेतल्या खांब गावच्या नाक्यावर रस्त्याच्या आरपार पताकांची माळ बांधली होती. छत्र माळेच्या वर राहिलं, पण काठीची एक कडी दोरीत अडकली! टेंपो पुढे, दोरी मागे, आणि काठी वाकली. कमानीसारखी वाकली, मग त्याहून वाकली. सगळे ओरडले. पुंडलिकरावांनी डोळे मिटले. कटकन आवाज कसा येतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आवाज आला तो दोरी तुटल्याचा. काठी सप्पकन सरळ झाली आणि छत्र परत डोलायला लागलं.

पोपटराव उठून उभे राहिले. त्यांनी काठीवरून बोट फिरवलं, दोऱ्याचे वेढे चाचपले, कड्या मोजल्या. गरी टाकणाऱ्याचे हातच ते.

"पुंडलिकराव, ही वाकली कशी बघितली? पाच किलोचा जिताडा वढल ही! छत्राला कशाला हो वाया घालवली? असली काठी आपल्याला मिलती तर..."

आता गप्प बसायचं होतं. दहा दिवस गप्प बसायचं, मोटार सोडवायची आणि साळसूदपणे काठी हातात द्यायची. पण ज्याचं कौतुक चाललंय तो माणूस गप्प बसेल, तर तो पुंडलिक कसला!

"अहो, तुमचीच हाय ती!" त्यांच्या तोंडून निघून गेलं. आणि मग सगळंच निघालं. गोंद, मोटार, दुपारची झोप, धोतर. पोपटराव ऐकत राहिले. मग एवढे हसले की गुलालाच्या पाटीत बसले.

"विसर्जनापर्यंत छत्राला राहू दे," ते डोळे पुसत म्हणाले. या वेळचं डोळे पुसणं वेगळं होतं. "गणपतीत तशीबी गरी कोन टाकतो? दहा दिस थांबेन मी."

रोह्यात त्या वर्षी छत्र बघायला रांगा लागल्या. "दांडी व्याह्यांनी बनवली, हातानं!" हे पोपटराव प्रत्येकाला सांगायचे. मालूने आईला फोन केला, "आये, बाबांचा सगलीकडे नाव झालाय गो!" गिरजाबाईंनी पहिल्यांदाच रेशमी रिळाचा विषय सोडून दिला.

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी जगनने पुंडलिकरावांसोबत रोह्याला येऊन मोटार खोलली. मोटारीचे तुकडे झाले, पण काठी शाबूत निघाली, बुडात लोखंडी दांडा घेऊन. पोपटरावांनी ती हातावर तोलली.

"तोल बघा! दांड्याचा वजन बरोबर मुठीत आलाय. असला तोल जपानवाल्यालाबी जमायचा नाय."

पुंडलिकरावांना स्वर्ग दोन बोटं उरला. व्याह्यांनी गरीला लावायचे किडे आणले, रीळ चढवलं, टोपी घातली. दोघं उंबऱ्याबाहेर पाय टाकणार, तोच आतून विहीणबाई कृष्णाबाई आल्या. हातात हळदकुंकवाचं तबक.

"कुठं चालवलीव ती?"

"नदीवर. जिताड्याला."

"देवाच्या डोईवर धा दिस छत्र धरलेली काठी! अख्ख्या गावानं हात जोडलं तिला! तिला किडा लावणार? म्हावऱ्याचा वास लावणार? गप आना इकडं!"

कृष्णाबाईंनी काठी काढून घेतली, तिला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि देवघराच्या कोपऱ्यात उभी केली. पोपटरावांनी टोपी काढली. दोघे व्याही ओटीवर खाली बसले.

"पुंडलिकराव," शेवटी पोपटराव म्हणाले, "खरा सांगू? पयली मोडलीव, तिच्यापायी मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या तरी घालू शकत होतो. हिला आता रोज सकाली आंघोल करून हात जोडायला लागतील!"