रेबेकामावशींचा पंप

सुकापूरच्या आमच्या इमारतीत रोज सकाळी एक गाऊनमधली बाई पाण्याची बादली घेऊन बेसमेंटमध्ये उतरते आणि ते पाणी कोपऱ्यातल्या खड्ड्यात ओतते. खड्ड्यातला पंप घरघरला की "शहाणा माझा!" म्हणून वर येते. या आमच्या शेजारच्या रेबेकामावशी. हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या. मुलगा इस्रायलला, नवरा फोटोत.

मावशींचा प्रश्न एकच, "आणि लाइट गेली तर?" माझ्या मुलीच्या लग्नाचा एसी हॉल बघून त्यांनी हेच विचारलं, तेही विहीणबाईंना. विहीणबाई लग्न लागेपर्यंत पंख्याकडे बघत होत्या.

मागच्या पावसाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि नेमकी लाइट गेली. पंप मुकाट बसला, गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. तेव्हापासून नुसतं आभाळ आलं तरी मावशी जिन्यात येरझाऱ्या घालतात.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी वॉर्डातला आवाज काढला. "पंपाला इन्व्हर्टर हवा. बॅटऱ्या जमिनीवर नकोत, भिंतीला स्टँड ठोकून वर. आणि दुसरा पंप तयार ठेवायचा."

चेअरमन हसले. "मावशी, तुमची तर गाडीच नाही!"

"तुमची आहे ना? नवी कोरी. बेडूक बसतील तिच्यात."

इन्व्हर्टर लगेच मंजूर झाला. दुसरा पंप मात्र 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून राहिला.

यंदा जुलैत एका दुपारी पाऊस थांबेचना. लाइट गेली. आम्ही सगळे बेसमेंटच्या जिन्यात जमलो. रॅम्पवरून पाणी आत येत होतं, खड्डा काठोकाठ भरला, तरी पंप गप्प.

"इन्व्हर्टर तर चालू दिसतोय!" चेअरमनांचा आवाज चिरकला.

मावशींनी टॉर्च मारला. पाणी चढलं की तरंगत वर येऊन पंप सुरू करणारा गोळा असतो, तो एका प्लास्टिकच्या पिशवीत अडकून खालीच राहिला होता.

"आधी पंपाचं बटण बंद करा! पाण्यात कोणी उतरायचं नाही!"

कोणीतरी बांबू आणला. मावशी खड्ड्यालगतच्या उंच कट्ट्यावर चक्क पालथ्या झोपल्या. बांबू सारखा निसटत होता. शेवटी पिशवी फाटली, गोळा टुणकन वर आला. बटण दाबलं आणि पंप घरघरला. टाळ्या वाजल्या, आणि जो तो आपापल्या गाडीकडे धावला.

मावशी दिसेनात म्हणून मी शोधत गेले. बेसमेंटच्या टोकाला वॉचमनची खोली आहे. त्याची बायको सुरेखा, मोरा बंदराकडची. दारात रचलेल्या विटांना पाणी जेमतेम टेकलं होतं. आत खाटेवर मावशी बसलेल्या, मांडीवर सुरेखाचं बाळ गाढ झोपलेलं.

"गेल्या वर्षी मी पोटुशी व्हते," सुरेखा म्हणाली. "पानी कमरेपर्यंत. मावशींनीच वडत वर नेली मला. आमी तर घाबरून रडतच व्हतो."

"मावशी, हे मीटिंगमध्ये का नाही बोललात?"

"गाड्या म्हटलं की पटकन हात वर होतात गं."

"बरं, चला आता वर. भिजलायत."

"बसते जरा." त्यांनी बाळाच्या कपाळावरचे केस मागे सारले. "वर टीव्हीशिवाय कोणी बोलत नाही."

सुरेखानं चहा ठेवला. मी चपला काढल्या आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले.