मुजावर सरांचं जग

रिकाम्या वर्गात पंखा फिरताना दिसला की मुजावर सर सगळ्या पोरांना दोन मिनिटं उभं करतात. शिक्षा म्हणून न्हाय, श्रद्धांजली म्हणून. "वीज अशी वाया गेली की तिकडं ध्रुवावर बर्फ वितळायलंय," म्हणतात, "माना खाली घाला."

ढोकीच्या पलीकडं, उसाच्या फडांमधी आमची शाळा. मी मराठी शिकवते, सर विज्ञान. सातवीच्या एकेका पोराला त्यांनी एकेक देश वाटून दिलाय. भोगते मी. "मॅडम, ब्राझीलनं माझी पेन्सिल घेतली." मी कविता शिकवू का लढाया मिटवू?

एकदा सरपंच तणतणत आले. "माझ्या पोराला भूतान व्हय? निदान रशिया तरी द्या."

"रशियाकडं या आठवड्यात मैदान झाडायची पाळी हाय," सर म्हणाले. "देऊ?"

सरपंच भूतानवर समाधान मानून गेले.

"जग एक हाय मॅडम, बोलत राहायचं," हे सरांचं पालुपद. ते ऐकलं की माझं टाळकं फिरायचं. कारण हा माणूस दोन वर्षं स्वतःच्या पोरीशी बोलला नव्हता. निलोफर एकुलती एक, माझीच विद्यार्थिनी. पाण्यावर संशोधन करायला जर्मनीला निघाली, तर हे म्हणाले, "जायचं तर जा, फोन करू नको." तिनंही केला न्हाय. बापावरच गेलीय. सरांची बायको आधीच वारलेली, म्हणजे घरात भिंतीशीच बोलायचं.

"सर, आधी घरातलं जग जोडा," मी म्हणाले, तर माझ्याशीही आठवडाभर अबोला धरला.

शेवटी मीच निलोफरला गाठलं. विज्ञान दिनाला पोरांशी व्हिडिओवर बोलशील का? व्हय म्हणाली. सरांना सांगितलं. "मुलांचा फायदा हाय, माझी हरकत न्हाय," म्हणाले, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन कपाटामागं लपून बसले. पन्नाशी उलटलेला माणूस!

पडद्यावर निलोफर दिसली. पोरं लाजून गप्प. कपाटामागून कुजबुज आली, "जपान, विचार."

जपान उठला. "ताई, तिकडं नद्या साफ कशा ठेवतात?"

तिनं झकास समजावून सांगितलं. मग केनियानं सांडपाण्याचं विचारलं. इथवर विज्ञान होतं. पुढं कुजबुज भरकटली.

"ताई, थंडीत पांघरूण पुरतं का?" नेपाळनं विचारलं.

"ताई, भाकरी मिळती का?" हा फ्रान्स.

"ताई, रातचा खोकला गेला का?"

निलोफर हसता हसता थांबली. "गेला," म्हणाली. "पण हे विचारतंय कोण?"

सगळं जग कपाटाकडं बघायला लागलं.

सर बाहेर आले. केसांना जळमटं लागलेली. पडद्याजवळ गेले, हात वर केला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग शाळेत कधी न काढलेली घरची बोली त्यांच्या तोंडून आली.

"आवाज आ री क्या, बेटा?"

"आ री, अब्बा," ती म्हणाली. "बोलो."