वरवंटे घराण्याने आडनाव पालटू घातले त्याची हकिकत

श्रीगजाननास वंदून, वडिलांचे पाय स्मरून, घडले तैसे लिहितों. शके सोळाशे एकसष्ट, सिद्धार्थी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस राज्यात अनर्थ जाहला, तो ऐसा की, रायाजी वरवंटे यांस सरदारी मिळाली आणि आपल्याच आडनावाची लाज वाटो लागली. ते आडनाव कैसे पडले? पूर्वी गनीम किल्ल्याचा तट चढोन आला आणि गडीमाणूस सारे दरवाज्याकडे गुंतलेले, मग रायाजींची आजी भागाबाई वाटण वाटीत होती ती तैसीच उठली आणि मसाल्याने माखलेला वरवंटा गनिमाचे म्होरक्याचे टाळक्यात घातला. तो कोसळला, मागचे पळाले, किल्ला राहिला. थोरले महाराज खुशी जाहले आणि 'वरवंटे' हे नाव, निशाणावर वरवंटा, आणि एक गाव इनाम दिधले.

आता दरबारी लोक रायाजींस "सरदार, चटणी जाहली का?" म्हणोन हसों लागले. मग त्यांणी गंगोजी भाट आणविला आणि त्याणे थेट इंद्रापासोन वंशावळ जुळविली, आडनाव वज्रधर केले, निशाणावर वज्र काढिले, आणि भागाबाईंचे नावच गाळिले! हे वर्तमान रायाजींच्या मातोश्री चिमाबाई यांस कळले. गनीम आला तेव्हा त्या नवी सून, सासूबाईंजवळ लसूण सोलीत होत्या, सारे डोळां पाहिलेले. अंगाचा तिळपापड जाहला, आणि मेण्याची वाट न पाहतां पायींच भर दरबारी आल्या आणि भाटास पुसिले, "का रे गंगोजी, गनीम तट चढला तेव्हा तुझा इंद्र कोठे होता?" भाट वंशावळ गुंडाळू लागला. रायाजी म्हणाले, "आईसाहेब, चारचौघांत हे शोभत नाही." बाई कडाडल्या, "त्या दिवशी सासूबाईंची दोन बोटे चेचली, ती जन्मभर वळली नाहीत. त्याच हाताने तुला घास भरविले. तेव्हा शोभत होते?"

तेव्हा गादीवरले महाराज बोलले, "वज्रधर खुशाल म्हणवा. परंतु इनाम वरवंट्यांस दिधले आहे. वज्रधर कोण, हे सरकारास ठाऊक नाही." ऐकतांच रायाजींनी वंशावळ टराटरा फाडिली आणि "आम्ही वरवंटेच, वरवंटेच!" म्हणोन मातोश्रींचे पायां पडों गेले. बाईंनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "गाव जातेसे दिसले, तेव्हा आजी आठवली." आणि आल्या तैशाच चालत्या जाहल्या, आणि पुढे वर्षभर पुत्राशी अवाक्षर बोलल्या नाहीत.

एकूण, नाव राहिले, गाव राहिले आणि आईचा रागही राहिला. कळले तितके लिहिले.