ऑस्ट्रियाचा बोकड आणि अस्वलांच्या चौकशा

एका जंगलात, बाळांनो, एक सासू आपल्या नणंदेच्या कानात म्हणाली, “पोर कामाला बरी आहे हो वन्सं, पण मुकी निघाली. आता मधाचा सौदा फिसकटला, की समजायचं, पायगुण हिचाच.”

सासू होती अस्वलीण. अस्वलांचं कानात बोलणं दोन टेकड्यांपलीकडे ऐकू जातं. चुलीपाशी बसलेल्या नव्या सुनेला, केतकीला, ते ऐकू जाणारच. तिने चुलीत लाकूड सारलं, जरा जोरात.

सौदा मोठा होता. ऑस्ट्रिया नावाच्या दूरच्या डोंगराळ मुलखातून एक बोकड मध विकत घ्यायला येणार होता. शिंगं ही एवढी, पदव्या त्याहून लांब. नाव हेर प्रोफेसर डॉक्टर स्टाइनबॉक; ‘हेर’ म्हणजे तिकडचं ‘श्रीयुत’. सौदा जमला तर सगळ्या घराची हुशारी. बुडाला तर केतकी जन्मभर ‘ती, पांढऱ्या पायाची’.

सासऱ्यांनी शिकवणीला कोल्हे सरांना बोलावलं. सरांनी ऑस्ट्रिया पाहिला नव्हता, पण त्यावर व्याख्यानं पुष्कळ दिली होती.

“पाहुण्याला पदवीसकट हाक मारा,” सर म्हणाले. “जर्मन म्हणू नका, फार लागतं त्यांना. पगार विचारू नका. लग्न विचारू नका. मुलंबाळं तर नकोच.”

“अगंबाई! मग पाहुणा कळायचा कसा?” सासूबाईंनी विचारलं.

“कळून घ्यायचाच नाही. हवेबद्दल बोलायचं.”

पाहुणा ठरल्या वेळेला दारात हजर. सासरे तेव्हा आंघोळीला निघाले होते. आपल्या जंगलात ठरलेली वेळ म्हणजे आंघोळीला निघायची वेळ, हे पाहुण्याला कोणी कळवलंच नव्हतं. तोवर हवा सुरू झाली.

“ऊन आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“आहे,” पाहुणा म्हणाला.

“कालही होतं.”

“असेल.”

हवा संपली. सासूबाईंच्या पोटात प्रश्न भाकरीसारखे टम्म फुगले. आतेसासूबाईंनी त्यांचा हात घट्ट दाबून धरला होता. पण किती वेळ धरणार?

“लग्न झालंय का हो तुमचं?” सासूबाई फुटल्याच. “नाही? का बरं? दिसायला तर चांगले धडधाकट आहात!”

“आणि महिन्याला हातात किती पडतात?” आतेसासूबाईंनी हात सोडला तो सोडलाच.

एवढ्यात पंचा गुंडाळून सासरे बाहेर आले. “या या, बोकडराव! काय म्हणतंय तुमचं जर्मनी?”

पाहुण्याची दाढी ताठ झाली. त्याने उठून पिशवी खांद्याला लावली. “मी सांगितलं होतं,” असं म्हणत कोल्हे सर झुडपात दिसेनासे झाले.

आता सगळ्यांनी कुणाकडे पाहिलं असेल, बाळांनो? बरोबर. केतकीच्या पायांकडे.

केतकीने मधाची वाटी पाहुण्यापुढे ठेवली. मग पदर सावरून, घरातल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “हेर प्रोफेसर डॉक्टर, बसा ना. हा अपमान नव्हे. पाहुणा आपला मानला, की आमच्याकडे त्याला असंच प्रश्नांनी सोलतात. मला तर लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून विचारतायत. मी अजून एकाचंही उत्तर दिलेलं नाही. तुम्हीही देऊ नका. मध चाखा.”

पाहुणा खाली बसला. हसता हसता त्याला ठसका लागला. जाताना मधाचे सगळे बुधले घेऊन गेला.

तात्पर्य : परदेशी पाहुण्याला खासगी प्रश्न कधीही विचारू नयेत. घरात नवी सून असताना ते बाहेर वाया कशाला घालवायचे?