सबनीस सरांची रामनदी

आमच्या सोसायटीत कुणी ‘मागचा नाला’ म्हणालं, की तळमजल्यावरचे सबनीस सर खिडकीतून ओरडतात, "नदी म्हणा, नदी!" पुलाच्या कठड्यावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटीही लावली आहे: ‘ही रामनदी आहे. नाला आपण केलात.’

सर शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम हाती घेतलं. खाटपेवाडीच्या डोंगरापासून औंधला मुळेत मिळेपर्यंत रामनदीचा नकाशा काढायचा, बुजलेल्या जुन्या वळणांसकट. "मुळा-मुठेचे लाड पुरे झाले. हिच्याकडे कोण बघणार?" असं ते तावातावाने विचारतात. मुठा ही त्यांच्या मते निव्वळ धरणांच्या जोरावर मिरवणारी बाई आहे.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण माझ्या बायकोचं, मंदाचं, माहेर याच नदीकाठच्या पाषाणचं, हे त्यांना कुठून तरी कळलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच वाजता आमच्या जेवणाच्या टेबलावर तो नकाशा पसरतो.

"वहिनी, इथे नदी कुठे वळायची?"

"डावीकडं. तिथं उंबर व्हता, अन् खाली डोह. आम्ही गोधड्या धुवायला जायचो, तवा..."

चाळीस वर्षांच्या संसारात मंदा माझ्याशी अशी कधी बोललेली नाही. माझ्याशी ती गॅस सिलिंडर, गोळ्या आणि ओला टॉवेल या विषयांवर बोलते. सरांसमोर मात्र माहेरची बोली, मोकळं हसणं, वर आल्याचा चहा. मला बिनआल्याचा, का तर पित्त. माझा जळफळाट झाला, लपवायचं कशाला? एकदा म्हणालोही, "मला कधी सांगितलं नाहीस त्या डोहाचं."

"तुम्ही कधी विचारलंत?"

परवा सरांनी त्याच उंबराच्या वळणाबद्दल तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. काल चार वाजताच मी त्यांना सुनावायला खाली गेलो. दार उघडंच होतं. सर पाठमोरे बसले होते. समोर नकाशा, उगमापासून संगमापर्यंत पुरा, एकही वळण राहिलेलं नाही. आणि सर खोडरबराने ते उंबराचं वळण सावकाश खोडत होते.

मी खाकरलो. सर दचकले. रबराचा चुरा तळहाताखाली झाकत म्हणाले, "काम दिवाळीतच संपलं हो. पण काहीच काम नसताना कुणाकडे नुसतं जाऊन बसायचं, ते मला नाही जमत."

मी नकाशावर वाकलो.

"मंदा म्हणत होती," मी म्हणालो, "डोहाच्या खालची दोन वळणं साफ चुकलीत. आज जरा लवकरच या."

मंदा असं काहीही म्हणाली नव्हती. सरांनी घाईघाईने नकाशा गुंडाळला आणि माझ्या पुढे होऊन जिना चढायला लागले. मी मागून बघत राहिलो. माझ्या घरी जायची एवढी घाई मला स्वतःला कधीच झाली नव्हती.